फौजदार

कोथिंबिरीच्या जुडीतून आली ती,
वाशीच्या मार्केटातून, ह्यांच्या पिशवीत,
कोपरखैरण्यात, आमच्या दुसऱ्या मजल्यावर.
मी देठं खुडत होते.
एक देठ चालायला लागलं.

तेजल ओरडली, मारू नको मम्मी,
प्रार्थनाकीटक आहे, बघ ना, हात जोडतोय.
मी चष्मा लावून पाहिलं.
हात जोडलेले नव्हते, मिटलेले होते,
अडकित्ता मिटून ठेवतात तसे,
आतून दातेरी.

फरसाणाच्या बरणीला मच्छरदाणीचा तुकडा,
आत जास्वंदीची काडी, फ्रिजवर जागा,
आणि नाव फौजदार.
मादी आहे ते नंतर कळलं.
नाव पडलं ते पडलं.

संध्याकाळी झाकण उघडायचो.
मग ती फ्रिजच्या कडेवर येऊन उभी राहायची
आणि मान वळवून एकेकाला बघायची,
ह्यांना, मला, टीव्हीला,
भाडं थकलेल्या माणसाकडे बघतात तसं.
माशी दिली तर डोक्यापासून सुरुवात.
माशीचे पाय हलत असायचे.
मी भाकरी थापता थापता पाठ फिरवायचे.
खाऊन झालं की तोंड धुवायची, मांजरासारखं.

मांजर म्हणजे खालच्या धनावड्यांचा बोका,
निम्मा आमच्या दुधावर पोसलेला.
एकदा ओट्यावरून फ्रिजवर चढला,
नाक पुढे केलं.
आणि ती उठली.
बोटभर जीव, पण उठली,
अडकित्ते उघडून, पंख पसरून.
त्या पंखांच्या आत केवढा रंग होता,
तोवर आमच्यापैकी कुणालाच दाखवला नव्हता.
डावीकडे झुलली, उजवीकडे झुलली,
आणि नाकाच्या शेंड्यावर एक फटका.
बोका दोन पावलं मागे सरकला,
बसला,
आणि पंजा चाटू लागला,
जणू पंजा चाटायलाच एवढ्या वर आला होता.

कावळ्याचं मात्र खरं सांगते.
ग्रिलच्या बाहेरून त्यानं आधी एक डोळा लावला, मग दुसरा.
ती तुळशीच्या कुंडीवर, पंख उघडून तयार.
मी लाटणं घेऊन धावले.
कावळा उडाला तो तिला भिऊन की लाटण्याला,
मला माहीत नाही.
तेजल म्हणते तिला.
हे म्हणतात, कावळ्याला विचारा.

ह्यात धडा वगैरे शोधू नका.
तिळाएवढा मेंदू, बोका केवढा आहे
हेच तिला कळत नसेल.
मला कळतं, म्हणून तर
सोसायटीच्या मीटिंगला टँकरच्या पैशांचं विचारायला
वर गेलेला माझा हात
वरच्या वर पदराकडे वळला, पदर सावरायला.
पंजा चाटणं मला ओळखू येतं, एवढंच.

दिवाळी झाली आणि तिनं खाणं सोडलं.
पोट फुगलेलं, चाल जड.
एका रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर चढली,
नोव्हेंबरच्या पानाच्या खालच्या कडेला
उलटी लटकून फेस काढत बसली,
उतू जाणाऱ्या दुधासारखा.
सकाळी तो वाळून कडक झाला होता.
रंग खाकी.
ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, वर्दी शिवली.

त्यानंतर बारा दिवस.
तेराव्या दिवशी काडीखाली आडवी सापडली,
हात मिटलेले.
तेजलनं तिला जास्वंदीच्या मुळाशी पुरलं,
बरणी घासून पालथी घातली.
परवा मी तिच्यात शेव भरली.

बोका अजून येतो.
दूध पितो, मिशा पुसतो,
आणि जाताना फ्रिजपासून दोन हात लांबून जातो,
भिंतीला घासत, वर न बघता.
मी त्याला काही सांगत नाही.

बाहेर जानेवारी संपत आला.
दूधवाला, गॅसवाला, हप्ता, सगळ्यांच्या तारखा
मी बोटांवर मोजते.
पान उलटायचं नाही असं तेजलनं बजावलंय.
आमच्या भिंतीवर नोव्हेंबरच आहे.